तीन वेळा सगळं निगेटिव्ह, मग पार्टनरला क्लॅमिडिया आला कुठून?

रातवा
शीर्षकातला प्रश्न मी महिन्याभरापूर्वी पार्टनरला विचारला होता, तोही चढ्या आवाजात. उत्तर मिळालं तेव्हा माफी मागायची पाळी माझ्यावर आली. म्हणून हा धागा.

मी दहा महिन्यांपासून प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) घेतोय. दर तीन महिन्यांनी एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्तचाचणी) आणि लघवी. तिन्ही खेपांना सगळं स्वच्छ, त्यामुळे कॉलर ताठ. मग पार्टनरला लघवी करताना जळजळ सुरू झाली, त्याने तपासलं, क्लॅमिडिया (संबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग) निघाला. आमचं नातं मोकळं आहे, दोघांनाही अधूनमधून इतर कुणी भेटतं. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला: माझे रिपोर्ट स्वच्छ, म्हणजे यानेच कुठून तरी आणलं.

बरोबर म्हणून मीही गेलो. डॉक्टर नवीन होत्या. पहिला प्रश्न, "नमुने कुठून कुठून घेतले होते?" म्हटलं, लघवीचा. "आणि तुम्ही टॉप, बॉटम, की दोन्ही?" म्हटलं, बहुतेक वेळा बॉटम, म्हणजे गुदसंबंधात घेणारा. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. दहा महिन्यांत माझ्या ज्या भागांचा संबंध येत होता त्यांची तपासणी एकदाही झालेली नव्हती. आधीच्या ठिकाणी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यांनी दोन स्वॅब दिले. एक त्यांनीच घशातून घेतला, टॉन्सिलवर घासून, ओकारी येता येता राहिली. दुसरा मी स्वच्छतागृहात जाऊन स्वतः घेतला: दोन-तीन सेंटिमीटर आत सारायचा, हळू फिरवायचा, नळीत घालून टोक मोडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. निकाल असा: लघवी निगेटिव्ह (पुन्हा!), गुदाशयात क्लॅमिडिया, घशात गनोरिया (संबंधातूनच पसरणारा दुसरा जिवाणू). लक्षण? शून्य. एका जागेचंही नाही.

उपचार झाले. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा असं सात दिवस, गनोरियासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एक इंजेक्शन. निघताना डॉक्टरांनी डॉक्सी-पेपचा विषय काढला, म्हणजे संबंधानंतर डॉक्सीचा एक डोस घ्यायचा. त्याबद्दल इथल्या जाणकारांचं मत हवंय.

सावळागोंधळ
अरे बाप रे. मी पण आजवर फक्त लघवीच देत आलोय. पण एक सांग, घशात गनोरिया असेल तर घसा दुखणार नाही का? मला तर काहीच होत नाहीये.

रातवा
मलाही काहीच होत नव्हतं. तोच तर मुद्दा आहे रे.

पांढरा_कोट
याच विषयातला डॉक्टर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अर्थात हा सल्ला तपासणीला पर्याय नाही.

लघवीची चाचणी फक्त मूत्रमार्गाबद्दल सांगते. जिवाणू जिथे उतरला तिथेच राहतो. घशातला गनोरिया लघवीत दिसत नाही, गुदाशयातला क्लॅमिडियाही नाही. समलिंगी पुरुषांमध्ये या दोन जागांचे संसर्ग बहुतांशी मुके असतात. त्यामुळे नुसती लघवी तपासली तर मोठा वाटा हातून निसटतो, आणि वर हातात 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद येतो. कागद खोटा नसतो. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

मूत्रमार्गातला गनोरिया मात्र सहसा गप्प बसत नाही. दोन ते सात दिवसांत पू आणि आग, माणूस धावत येतो. म्हणून गंमत अशी होते की ज्याला लक्षणं दिसतात त्याच्यावर आळ येतो आणि ज्याच्याकडून आलं तो स्वतःला शुद्ध समजतो. रातवा, तुमच्या घरात क्लॅमिडियाच्या बाबतीत हेच झालं.

घशाबद्दल अजून एक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या घशात गनोरियाच्या जिवाणूचे काही निरुपद्रवी चुलतभाऊ कायम मुक्कामाला असतात. गनोरियाचा जिवाणू त्यांच्याकडून जनुकांचे तुकडे उचलतो, त्यात औषधाला दाद न देण्याची जनुकंही आली. घशातला संसर्ग औषधाने जायलाही इतर जागांपेक्षा चिवट. म्हणून घशात गनोरिया निघाला तर उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा घसा तपासायचा असतो. तुमचा तपासला का?

रातवा
नाही! सांगितलं होतं खरं, मीच विसरलो. उद्याच जातो.

आकडेमोड
डॉक्सी-पेपवर थोडं वाचन झालंय.

फ्रान्समध्ये २३२ जणांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. संबंधानंतर ७२ तासांच्या आत २०० मिग्रॅ डॉक्सी. सिफिलिस ७३ टक्क्यांनी कमी, क्लॅमिडिया ७० टक्क्यांनी कमी, गनोरियावर म्हणण्यासारखा परिणाम नाही. मग सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमधला ५०१ जणांचा, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. त्यात प्रेप घेणाऱ्यांपैकी डॉक्सी न घेणाऱ्या गटात दर तिमाहीला सुमारे ३२ टक्के वेळा काही ना काही संसर्ग सापडत होता, डॉक्सी घेणाऱ्यांत सुमारे ११ टक्के. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्येही जवळपास तसंच, ३०.५ विरुद्ध ११.८. तिथे गनोरियाही बऱ्यापैकी घटला. नंतरच्या फ्रेंच अभ्यासात तो जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने. कारण सरळ आहे: गनोरियाचे टेट्रासायक्लिनला (डॉक्सी याच गटातली) न जुमानणारे वाण फ्रान्समध्ये आधीच जास्त पसरलेले होते.

केनियातही अभ्यास झाला, तरुण स्त्रियांवर. फायदा दिसला नाही. मग केसांचे नमुने तपासले तर बहुतेक नमुन्यांत औषधाचा मागमूस नव्हता, म्हणजे गोळ्या फारशा घेतल्याच गेल्या नव्हत्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'केनियात फेल गेलं' एवढंच वाक्य पसरवणारे बरेच भेटतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२२ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या, अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, जून २०२४ मध्ये. सीडीसीचा रोख गेल्या बारा महिन्यांत निदान एकदा सिफिलिस, क्लॅमिडिया किंवा गनोरिया होऊन गेलेल्या समलिंगी पुरुषांवर आणि ट्रान्स स्त्रियांवर आहे. सरसकट सगळ्यांवर नाही.

खवट_म्हातारा
झालं. आता अँटिबायोटिक पण चणे-फुटाण्यासारखी खायची. आमच्या वेळी याला 'परमा' आणि 'गरमी' म्हणत, आणि माणूस निदान लाजत तरी असे. कंडोम नावाची वस्तू अजून मिळते ना? ती वापरा की राव.

रातवा
आजोबा, लाजल्यामुळेच तर मी दहा महिने चुकीचा नमुना देत बसलो.

आकडेमोड
कंडोमला विरोध कुणाचाच नाही. पण धाग्यातल्या घशाचं काय? ओरलला कंडोम वापरणारे किती जण पाहिलेत? खरं उत्तर द्या. आणि सिफिलिसचा व्रण कंडोम जिथे झाकत नाही तिथे असला, तर कंडोम असूनही लागतो.

खवट_म्हातारा
ओरलबद्दल माझं तोंड बंद. (शब्दशः घेऊ नये.) पण जिवाणूंनी औषधाला दाद देणं बंद केलं तर काय, याचं उत्तर द्या.

पांढरा_कोट
खवटराव, तुमचा प्रश्न खवट असला तरी योग्य आहे. तीन जिवाणूंचं तीन तऱ्हेचं गणित आहे.

सिफिलिसचा जिवाणू औषधांच्या बाबतीत मोठा जुनाट वळणाचा. आपण १९४३ पासून त्याच्यावर पेनिसिलिन वापरतोय, आजही तेच चालतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र तो बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झाला. डॉक्सीला प्रतिकार करणारा सिफिलिस अजून समोर आलेला नाही. क्लॅमिडियाचंही जवळपास तसंच.

गनोरिया हा यातला बिलंदर. सल्फा गेली, पेनिसिलिन गेलं, टेट्रासायक्लिन गेलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन गेलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन जातंय. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर. डॉक्सीचा वापर वाढला की डॉक्सीला न जुमानणारा गनोरिया वाढणार, ते दिसायलाही लागलंय. शिवाय त्वचेवर, नाकात, आतड्यात राहणारे इतर जिवाणू आहेत, त्यांच्यावरही परिणाम होतो. ही किंमत खरी आहे. पण दुसऱ्या पारड्यात डोळ्यांत-मेंदूत शिरणारा सिफिलिस आहे, आणि दरवेळी संसर्ग झाल्यावर द्यावे लागणारे पूर्ण कोर्स आहेत. ज्याला वर्षाकाठी दोन-तीनदा काहीतरी होतंच, त्याच्या बाबतीत माझं पारडं डॉक्सीकडे झुकतं. ज्याचा एकच पार्टनर आहे आणि कधी काही झालेलं नाही, त्याला मी देत नाही.

खवट_म्हातारा
हे पटलं. 'सगळ्यांनी घ्या' म्हणाला असतात तर भांडलो असतो.

मुकाट
वाचनमात्र आयडी आहे, पहिल्यांदाच लिहितोय. सिफिलिसचं नाव निघालं म्हणून.

मला व्रण कधी दिसलाच नाही. आतल्या बाजूला असावा, आणि तो दुखत नाही. दोनेक महिन्यांनी तळहातावर फिकट तांबूस ठिपके आले, मसुराच्या डाळीएवढे. खाज नाही, दुखणं नाही. मी साबण बदलला. मग तळपायावर आले, मी चपला बदलल्या. असा तीन आठवडे बदल करत बसलो. शेवटी एका डॉक्टरांनी हात उलटा करून बघितला आणि लगेच व्हीडीआरएल लिहून दिली. १:६४ आली; मागचा आकडा जितका मोठा तितका संसर्ग जोरात.

बेन्झाथिन पेनिसिलिन, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. औषध घट्ट असतं, आत जाताना जाणवतं. दोन दिवस बसायचं म्हटलं की एका कुशीवर. त्या रात्री सडकून ताप आला, थंडी वाजली, ठिपके लालभडक झाले. मला वाटलं अ‍ॅलर्जी झाली, आता काही खरं नाही. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की जिवाणू एकदम मेले की असं होतं आणि दिवसभरात उतरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठणठणीत.

सहा महिन्यांनी १:८, वर्षाने १:२. सुटलो म्हटलं. तर पुढे दुसऱ्या एका ठिकाणी टीपीएचए (सिफिलिसचीच दुसरी रक्तचाचणी) केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि समोरच्याने इतकं गंभीर तोंड केलं की मी परत घाबरलो. ती चाचणी एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच राहते. बघायचा तो व्हीडीआरएलचा आकडा, चौपटीने उतरला की उपचार लागू पडला. जुने आकडे एका कागदावर लिहून ठेवा, माझा पाकिटात असतो.

सावळागोंधळ
मुकाट, लिहिलंस ते बरं केलंस. वाचनखूण साठवली.

पांढरा_कोट
मुकाट यांनी पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं लिहिलंय. एकच भर: सिफिलिस बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. आकडा खाली येऊन परत चौपट वर गेला तर नवा संसर्ग समजायचा. आणि दिसणं अंधुक झालं, कानात आवाज येऊ लागले किंवा ऐकू कमी येऊ लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कोरडा_पाऊस
दोन बाळबोध प्रश्न. १) माउथवॉशने गुळण्या केल्या तर घशातला गनोरिया टळतो का? एका मित्राने छातीठोकपणे सांगितलंय. २) माझ्याकडे अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या उरलेल्या गोळ्या आहेत. भेटीच्या आधी एक घेऊन टाकली तर?

आकडेमोड
१) ऑस्ट्रेलियात नीट चाचणी झाली, रोज गुळण्या करायला लावून. फरक पडला नाही. तोंडाला वास चांगला येईल, इतकंच.

पांढरा_कोट
२) कृपया नको. अर्धवट डोसने जिवाणू मरत नाही, फक्त शिकतो. वर तपासणीतही घोळ होतो. त्या गोळ्या टाकून द्या.

कोरडा_पाऊस
टाकल्या.

रातवा
डॉक्टर, डॉक्सी प्रत्यक्षात कशी घ्यायची तेही एकदा लिहाल का? म्हणजे ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी दिलीये ते तरी नीट घेतील.

पांढरा_कोट
संबंधानंतर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत, २०० मिग्रॅ एकदम. ओरलसाठीही हाच नियम. २४ तासांत २०० च्या वर नाही, मग भेटी कितीही झालेल्या असोत. सलग दोन-तीन दिवस संबंध आले तर दिवसाला एक डोस.

आता ज्यावरून माझ्याकडे लोक तक्रार घेऊन येतात ते. गोळी मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा-एक तास आडवे होऊ नका. रात्री दोन वाजता घरी येऊन घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच झोपलात, तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. मग तीन दिवस स्वतःची लाळ गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं. इतका थकवा असेल तर सरळ सकाळी घ्या, ७२ तास हातात आहेत. दूध, अँटासिड, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगात मुरत नाही. उन्हात त्वचा लवकर भाजते, सांभाळा.

आणि हिचा उपयोग ठरावीकच. एचआयव्ही, जननेंद्रियांवरचा हर्पीस, एचपीव्ही, एमपॉक्स, हिपॅटायटिस यांना डॉक्सी रोखत नाही. प्रेप घेणाऱ्याने प्रेप चालूच ठेवायची. तिन्ही जागांची आणि रक्ताची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी चालूच. सॅन फ्रान्सिस्कोत सूचना निघाल्यानंतर समलिंगी पुरुषांमध्ये सिफिलिस आणि क्लॅमिडिया जवळपास निम्म्याने उतरले, गनोरिया नाही उतरला. तो तपासूनच धरावा लागतो.

आकडेमोड
गनोरियासाठी लशीचाही विषय आहे. मुळात मेंदुज्वराच्या एका प्रकारावरची लस, पण दोन्ही जिवाणू एकाच घराण्यातले असल्याने थोडं संरक्षण मिळतं. इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त जोखमीच्या समलिंगी पुरुषांना ती द्यायला सुरुवात केली. परिणाम साधारण ३० ते ४० टक्के धरतात. फ्रान्समधल्या चाचणीत मात्र ठळक फायदा दिसला नव्हता, त्यामुळे मी स्वतः अजून कुंपणावर.

चष्मेबद्दूर
सगळे औषधांवर बोलताय. माझा प्रश्न वेगळा. रातवा, इतर ज्यांना भेटला होतास त्यांना सांगितलंस का? की नुसतं पार्टनरशी भांडून मिटलं?

रातवा
सांगितलं. पाच जणांना. आधी तासभर लांबलचक मजकूर लिहून खोडत बसलो, त्यात दोनदा 'सॉरी' आणि एकदा माझं बालपण. शेवटी हे पाठवलं:

"अरे, माझी तपासणी झाली. घशात गनोरिया आणि मागे क्लॅमिडिया निघाला. मला काहीच त्रास नव्हता, तुलाही नसेल, तरी तपासून घे. नुसती लघवी देऊ नकोस, घसा आणि गुदाशय पण सांग. कुणाकडून आलं ते शोधत नाहीये."

तिघांनी लगेच थँक्स म्हटलं, त्यातल्या एकाला तपासणी काय सांगून मागायची हेच माहीत नव्हतं. एकाने ब्लॉक केलं. एकाचं उत्तरच नाही.

चष्मेबद्दूर
ब्लॉक करणाऱ्यानेही वाचलं तर असणारच. हा मजकूर चोरतोय. आणि ज्यांना स्वतःच्या नावाने सांगणं शक्य नाही (घरची भानगड, नोकरी, काहीही) त्यांनी निदान डॉक्टरांना विचारावं. काही ठिकाणी नाव न उघडता कळवायची सोय असते.

खवट_म्हातारा
आमच्या पिढीत हे असं सांगणारा कुणी भेटला नाही. भेटला असता तर आपण ब्लॉकच केलं असतं, तेव्हा बटण नव्हतं म्हणून तोंड फिरवलं असतं. असो. सात दिवस संबंध बंद ठेवायचे असतात ना उपचारानंतर? की तेही आता बदललं?

पांढरा_कोट
नाही बदललं. उपचारानंतर सात दिवस, आणि पार्टनरचेही उपचार होईपर्यंत. नाहीतर दोघं एकमेकांना चेंडूसारखं परत देत राहतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मात्र क्लॅमिडियाची चाचणी महिन्याच्या आत परत करू नका, मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवतात आणि माणूस फुकट घाबरतो.

रातवा
अपडेट. घशाची फेरतपासणी झाली, निगेटिव्ह. डॉक्सी-पेप सुरू केलीये, डॉक्टरांशी नीट बोलून. पार्टनरने पण तिन्ही जागा तपासल्या, फक्त मूत्रमार्गातच होता, म्हणजे माझ्याकडूनच गेला असण्याची शक्यता दांडगी. त्याने यावर एक अक्षर काढलं नाही. नुसता ग्लासभर पाणी आणि गोळी पुढे ठेवून 'अर्धा तास आडवा होऊ नकोस' म्हणाला. धागा त्यानेही वाचलाय, हे तेव्हा कळलं.

सावळागोंधळ
माझंही ऐका. या धाग्यामुळे गेलो. काउंटरवरचा म्हणाला, घशाचा स्वॅब कशाला, सर्दी झालीये का? मागे दोन जण उभे. मी एकदा घाम पुसला आणि म्हटलं, नाही, गनोरियासाठी, आणि गुदाशयाचाही घ्यायचाय. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं, बाकी काही झालं नाही.

आज रिपोर्ट आला. लघवी निगेटिव्ह, गुदाशय निगेटिव्ह, घसा पॉझिटिव्ह. उद्या सकाळी इंजेक्शन. घसा अजूनही अजिबात दुखत नाहीये.